पाया आणि पल्ला

इंदापूर तालुक्याच्या जमिनीला मोजणीचा जो मान इतिहासात लाभला, तो मुंबई इलाख्यातील दुसऱ्या कोणत्याही मुलखाच्या वाट्याला आला नाही. कंपनी सरकारच्या अमदानीत प्रिंगलसाहेबाने बसविलेल्या जबर धाऱ्याखाली रयत बेजार होऊन गावोगावची शेते पडीक पडू लागली, तेव्हा गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोन अंमलदारांनी १८३५ पासून या तालुक्यात नवी पाहणी सुरू केली. शेतास नंबर, नंबरास हद्दीची निशाणी, जमिनीस प्रत आणि प्रतीप्रमाणे धारा अशी जी व्यवस्था त्यांनी लावून दिली आणि १८३६ साली तीस वर्षांच्या मुदतीचा जो बंदोबस्त केला, तोच पुढे साऱ्या इलाख्याच्या जमीनमहसुलाचा नमुना ठरला. या मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा आणे पाडलेले. आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा.

जिथवर साखळी पोचते तिथवर मोजणीदार पायीच जातो. परंतु मध्ये नीरेसारखी नदी आडवी आली आणि पैलतीरावरचे झाड किती दूर आहे हे ठरविण्याची वेळ आली, म्हणजे त्याला भूमितीचा आश्रय करावा लागतो. अलीकडच्या काठावर एक सरळ रेघ मापून घ्यावी, तिच्या दोन्ही टोकांवरून त्या एकाच झाडाकडे पाहावे, आणि दोन दृष्टिरेषांमध्ये जो कोन पडतो त्यावरून अंतर काढावे, ही ती रीत. मापून घेतलेली रेघ म्हणजे पाया. पाया लांब असेल तर पल्ल्याचा हिशेब नेमका येतो, आणि पाया आखूड असेल तर लांबच्या वस्तूविषयी मन साशंक राहते. इंदापूरच्या बंदोबस्तानंतर ९६ वर्षांनी, म्हणजे १९३२ साली, जर्मनीतील वेट्झलार गावच्या लाइट्स नावाच्या भिंगांच्या कारखान्याने हाच पाया जेमतेम दीड इंचाचा करून मुठीत मावणाऱ्या कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसविला, तो छायाचित्राच्या भिंगाशी जोडून दिला, आणि तेथून छायाचित्रणाच्या इतिहासातील एका स्वतंत्र पर्वाला आरंभ झाला. त्या दीड इंचाच्या पायाने किती पल्ला पेलावा, हा त्या पर्वाचा मध्यवर्ती प्रश्न होता. आणि ८५ ते ९० मिलिमीटर केंद्रांतराचे लहान टेलीफोटो भिंग हे त्याचे उत्तर होते, असे माझे मत आहे.

कथेचा प्रारंभ ऑस्कर बार्नाक या यंत्रज्ञापासून होतो. लाइट्सचा कारखाना सूक्ष्मदर्शकांसाठी नावाजलेला; त्यात नोकरीस असलेल्या बार्नाकने चलच्चित्रपटाच्या फितीवर २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट घेणारा एक छोटा कॅमेरा १९१४ पर्यंत सिद्ध केला होता, परंतु मध्ये महायुद्ध आणि त्यामागून चलनाचा सत्यानाश अशी संकटे आल्यामुळे ‘लायका’ या नावाने तो बाजारात यायला १९२५ सालची लाइप्झिगची जत्रा उजाडावी लागली. माक्स बेरेक या गणितज्ञाने रचलेले ५० मिलिमीटरचे भिंग त्यावर कायमचे जडविलेले होते आणि अंतर नजरेच्या अंदाजाने लावावे लागे. पन्नासचे भिंग आणि साडेतीनचे छिद्र एवढ्यावर भागत होते तोवर हा अंदाज खपून जाई. कारण तीन मीटरवर उभ्या माणसाविषयी वीतभर चूक झाली तरी भिंगाच्या क्षेत्रखोलीत, म्हणजे स्वच्छ उमटणाऱ्या पट्ट्यात, ती मुरून जात असे.

पण १९३० साली लायकाचे भिंग काढून दुसरे लावण्याची सोय झाली, पुढच्याच वर्षी ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचे माप सर्व कॅमेऱ्यांसाठी एकच ठरले, आणि ९० मिलिमीटरचे, चारच्या छिद्राचे एल्मार नावाचे भिंग विक्रीस आले. येथे नजरेचा अंदाज हरला. केंद्रांतर वाढले की क्षेत्रखोली त्याच्या वर्गाच्या प्रमाणात आटते. दोन मीटरवर बसलेल्या माणसाचा चेहरा नव्वदच्या भिंगाने चारच्या छिद्रावर टिपला, तर स्वच्छ उमटणारा पट्टा सुमारे १२ सेंटिमीटरांचा, म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या मागेपर्यंतचा एवढाच राहतो, आणि छिद्र दोनपर्यंत उघडले तर तोही निम्मा होतो. एवढ्या अरुंद पट्ट्यात डोळा बरोबर धरायचा असेल तर अंतर मोजलेच पाहिजे. वर्षभर लोकांनी कॅमेऱ्यावर एक सुटा अंतरमापक खोचून काम भागविले. त्यात आकडा वाचायचा, तो भिंगाच्या कड्यावर उतरवायचा, मग निराळ्या दर्शकातून चौकट पाहायची, आणि तोवर समोरच्या माणसाने मान वळवली असेल तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा.

१९३२ सालच्या दुसऱ्या लायकाने ही पायपीट संपविली. त्याच्या माथ्यावर दोन लहान गवाक्षे होती. एकातून सरळ दृश्य दिसे, दुसऱ्यातून फिरत्या आरशाने वळविलेली त्याच दृश्याची दुसरी प्रतिमा येई, आणि भिंगाचे कडे फिरविता फिरविता या दोन प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या की फोकस साधला असे समजायचे. भिंगाच्या पाठीमागे एक पितळी कडा असते. कॅमेऱ्याच्या आत तिला टेकून एक बारीक चाक असते. भिंग पुढे सरकले की चाक सैल पडते, चाकाचा दांडा हलतो आणि त्याच्याबरोबर आरसा वळतो. यातली खरी करामत लांब भिंगात दिसते. आरशाचे गणित पन्नासच्या भिंगाच्या चालीवर बेतलेले असल्यामुळे, आणि नव्वदच्या भिंगाला तेवढ्याच अंतरासाठी तिपटीहून अधिक पुढे यावे लागत असल्यामुळे, नव्वदच्या नळीत दोन निरनिराळ्या चाली ठेवाव्या लागल्या: पुढचे भिंग आपल्या गरजेप्रमाणे लांब चाल चालते, आणि मागची पितळी कडा मात्र, पन्नासचेच भिंग बसविले आहे अशा बेताने, थोडकीच सरकते. या दोन चालींत मिलिमीटराच्या शतांशाची तफावत पडली तरी चेहऱ्यावरचा फोकस कानावर जातो. इतक्या बारकाव्याची आटे पाडण्याची विद्या त्या कारखान्याला सूक्ष्मदर्शकांनी शिकविली होती.

त्याच साली ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन मंडळींनी कॉन्टॅक्स हा प्रतिस्पर्धी कॅमेरा उभा केला. त्यांनी पाया लांब धरला. १९३६ च्या दुसऱ्या कॉन्टॅक्समध्ये तो ९० मिलिमीटरांचा, म्हणजे लायकाच्या ३९ च्या दुपटीहून अधिक होता, आणि चौकट पाहण्याचे व फोकस धरण्याचे गवाक्षही एकच करण्यात आले होते. या भक्कम पायाचे चीज करणारे भिंग लुडविग बेर्टेले या तरुण रचनाकाराने दिले. त्याचे ८५ मिलिमीटरचे, दोनच्या छिद्राचे सोन्नार १९३३ साली आले. तेव्हा भिंगांच्या पृष्ठभागांवर परावर्तन रोखणारा लेप देण्याची विद्या अजून बाजारात आली नव्हती, म्हणून काचेला हवेचा स्पर्श जितका कमी तितकी प्रतिमा निर्मळ हे जाणून बेर्टेलेने भिंगाचे घटक एकमेकांस जोडून घेतले होते. लाइट्सने उत्तरादाखल १९३५ मध्ये थांबार नावाचे नव्वदचेच एक भिंग काढले, ते मुद्दाम मृदू प्रतिमा देणारे होते. पण कारखान्याची मोठी विक्री साध्या, हलक्या, चारच्या छिद्राच्या एल्मारचीच राहिली, आणि ती योग्यच होती, हे पुढे सांगणार आहे.

याच दोन-चार वर्षांत इंदापूर तालुक्यातल्या आमच्या कळंब गावच्या शिवारातही एक स्थित्यंतर घडत होते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच या भागात फिरले होते, आणि ज्या मुलखाची ओळख अवर्षणग्रस्त म्हणून दप्तरात नमूद होती तेथे ऊस उभा राहू लागला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या परिसरात उसाची विस्तीर्ण शेती आणि १९३० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात साखरेचा कारखाना उभारला, आणि त्याच्या भोवती वसलेल्या वसाहतीस वालचंदनगर हे नाव पडले. कारखान्याचे धुराडे कोसांवरून दिसणारी या सपाट मुलखातली पहिली उंच वस्तू झाली. तिकडे पुण्यास, १९३३ मध्ये कोल्हापूरहून उठून आलेल्या प्रभात कंपनीने नव्या स्टुडिओत ‘अमृतमंथन’ हा पहिला बोलपट घेतला. १९३४ सालच्या या चित्रात दिग्दर्शक शांतारामबापूंनी आणि छायालेखक केशवराव धायबर यांनी टेलीफोटो भिंग लावून, राजगुरूच्या भूमिकेतील चंद्रमोहन यांचा एकच डोळा पडदाभर दाखविला, आणि भारतीय चित्रपटात या भिंगाचा असा वापर पहिल्यांदा झाला तो येथेच, असे चित्रपटाचे इतिहासकार नोंदवितात. शांतारामबापू नुकतेच ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या निमित्ताने जर्मनीस जाऊन आले होते. त्या एका डोळ्याने प्रेक्षकांचा जो थरकाप उडाला, त्यामागे हेच सत्य होते की दूर उभे राहूनही माणसाच्या मुद्रेच्या अगदी अंतरंगात शिरता येते.

तथापि स्टुडिओत नट एका जागी उभा राहतो, फीत लावून अंतर मोजता येते, दिवा हवा तसा वळविता येतो. पालखीच्या वाटेवर, बाजारात किंवा कुस्तीच्या फडात यातले काहीच शक्य नसते. तेथे अंतर मोजणारा जो असेल तो कॅमेऱ्यातच असावा लागतो, आणि म्हणून रेंजफाइंडरची, म्हणजे कॅमेऱ्याच्या अंगच्या अंतरमापकाची, गोष्ट ही स्टुडिओबाहेरच्या मोकळ्या रानाची गोष्ट आहे.

आता प्रश्न निवडीचा. पन्नास सोडून लांब भिंग घ्यायचे तर नव्वदच का, आणि एकशे पस्तीस का नाही? याचे पहिले कारण माणसाच्या चेहऱ्यात आहे. चेहरा आणि खांदे चौकटीत भरायचे असतील तर पन्नासचे भिंग घेऊन माणसापासून सुमारे मीटरभर अंतरावर जावे लागते. तेथून नाक कानांच्या मानाने मोठे दिसू लागते, आणि माणूस अवघडतो तो निराळाच. नव्वदचे भिंग दोन मीटरांवरून सुमारे ५० बाय ७५ सेंटिमीटरांचे क्षेत्र चौकटीत घेते, म्हणजे नेमके डोके आणि खांदे. आणि दोन मीटर म्हणजे ओसरीवर समोरासमोर बसून दोन माणसे जितक्या अंतरावरून बोलतात तितके अंतर. त्या अंतरावरून दिसणारा चेहरा हाच आपल्या ओळखीचा चेहरा असतो. ही गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक होती. योझेफ पेट्झवाल याने १८४० मध्ये व्हिएन्नात रचलेले व्यक्तिचित्रणाचे भिंगही आपल्या पाटीच्या मानाने लांब केंद्रांतराचेच होते, आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्यात उत्साहाने वावरणारे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्या पिढीने माणसांची जी चित्रे घेतली, तीही अशाच भिंगांच्या काळातली. नव्वदने ही जुनी परंपरा खिशात आणून दिली.

दुसरे कारण पायात आहे. रेंजफाइंडरला जो नेमकेपणा लागतो तो केंद्रांतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि छिद्र जितके उघडे तितका आणखी वाढतो. वस्तू जवळ आहे की लांब याने या प्रमाणात फारसा फरक पडत नाही. हिशेब केला तर असे दिसते की चारच्या छिद्राचे एकशे पस्तीस आणि दोनच्या छिद्राचे नव्वद ही दोन्ही भिंगे पायावर जवळजवळ सारखाच भार टाकतात, आणि दोन्ही त्याला त्याच्या शक्तीच्या सीमेपाशी नेऊन ठेवतात. १९३३ च्या तिसऱ्या लायकात दीडपट मोठी प्रतिमा दाखविणारे अंतरमापक बसवून ३९ मिलिमीटरच्या पायाला सुमारे ५८ चे बळ दिले गेले, ते याच सीमेला थोडे मागे रेटण्यासाठी. त्यापुढच्या भिंगांचा मार्गच वेगळा झाला: १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी झाइसने केलेले १८० मिलिमीटरचे सोन्नार काय किंवा लाइट्सचे २०० मिलिमीटरचे टेलीट काय, त्यांना अखेर आरशाच्या पेटीचाच आधार घ्यावा लागला. म्हणजे चेहऱ्याला जे अंतर शोभते, तेच अंतर आखूड पायालाही झेपते. दोहोंची गाठ नव्वदपाशी पडली. यंत्राची मर्यादा आणि माणसामाणसांतली मर्यादा एकाच आकड्यावर यावी, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

भिंग मिळाले तरी चौकट पाहण्याची अडचण वीस वर्षे सुटली नव्हती. लायकाचे अंगचे गवाक्ष पन्नासपुरते. नव्वदसाठी माथ्यावर निराळा दर्शक खोचावा लागे, आणि युद्धपूर्व काळात लाइट्सच्या सर्वोपयोगी दर्शकात प्रतिमा सरळ उभी पण डावी-उजवी उलटी दिसे, त्यामुळे समोरून डावीकडे धावणारा घोडा दर्शकात उजवीकडे धावताना पाहून हात वळविण्याची सवय करावी लागे. शिवाय दर्शक भिंगाच्या वर असल्याने जवळच्या माणसाचे कपाळ कापले जाई. त्यासाठी एक लहान खिट्टी अंतराप्रमाणे सरकवायची असे. एका गवाक्षात फोकस, दुसऱ्यात चौकट, आणि मध्ये डोळा हलवायचा, अशी ही दुहेरी चाकरी होती. कोलोनच्या १९५४ सालच्या प्रदर्शनात लायका एम-थ्री आला आणि हे सारे एका गवाक्षात सामावले. त्यातला पाया सुमारे ६९ मिलिमीटरांचा, प्रतिमा जवळजवळ नैसर्गिक आकाराची. आणि नव्वदचे भिंग बसविले की भिंगाच्या टाचेनेच एक खटका दाबला जाऊन नव्वदची उजळ चौकट आपोआप दृष्टीस पडे, अंतर बदलेल तशी ती स्वतःच खाली उजवीकडे सरके. दोन्ही डोळे उघडे ठेवून, चौकटीबाहेरून कोण आत येत आहे हे पाहत चित्र घेता येऊ लागले.

या भिंगाची कीर्ती पूर्वेकडे कशी पसरली, ती हकीकत टोकियोत घडली. १९५० च्या जूनमध्ये जुन मिकी या जपानी छायाचित्रकाराने ‘लाइफ’ साप्ताहिकाचे डेव्हिड डग्लस डंकन यांचे एक चित्र अंधुक प्रकाशात, निप्पॉन कोगाकूच्या ८५ मिलिमीटरच्या, दोनच्या छिद्राच्या निक्कोर भिंगाने सहज घेतले. मोठी केलेली प्रत पाहून डंकन चकित झाले, कारखान्यात जाऊन त्यांनी ती भिंगे पारखली आणि आपल्या लायकावर चढविली. त्या महिन्याच्या अखेरीस कोरियात युद्ध पेटले, सैनिकांचे थकलेले, धुळीने माखलेले चेहरे त्या भिंगांतून अमेरिकेत पोचले, आणि डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जपानी भिंगांची वाखाणणी केली. ते निक्कोर रचनेने बेर्टेलेच्या सोन्नारचेच वंशज होते. बेर्टेलेची दुसरी शाखा सोव्हिएत संघात गेली: युद्धाची खंडणी म्हणून कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएत सरकारने किएव्हला नेली, तेथे त्याच बांधणीचा किएव्ह कॅमेरा निघाला आणि ८५ चे सोन्नार ज्युपिटर-नऊ या नावाने पुन्हा जन्मास आले.

आपल्याकडे मात्र ही चैन मोजक्यांचीच राहिली. कार्तिए-ब्रेसाँ लायका घेऊन १९४७-४८ मध्ये हिंदुस्थानात फिरले आणि गांधीजींच्या अखेरच्या दिवशी त्यांना भेटले, तेही मुख्यतः पन्नासच्या भिंगावर भिस्त ठेवणारे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर परवान्यांचा अंमल बसला, १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली तेव्हा तो अधिकच कडक झाला, आणि बारामती-इंदापूरच्या बाजूला सुखवस्तू घरातही कॅमेरा म्हणजे बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री, ज्याचे भिंग बदलत नाही आणि ज्याला फोकस असा करावाच लागत नाही, हेच समीकरण होते. परदेशातून आलेल्या नातेवाइकाबरोबर एखादा रेंजफाइंडर आला, किंवा रुपयांत चालणाऱ्या व्यापारातून रशियन बनावटीचे काही हाती लागले, तर ते गावभर दाखविले जाई. येथे एक सावधगिरीची गोष्ट नमूद करून ठेवतो, कारण जुन्या बाजारात ती कोणी सांगत नाही: रशियन आट्यांची भिंगे लायकावर बसतात खरी, पण त्यांची चाल ५२.४ मिलिमीटरच्या प्रमाण भिंगावर बेतलेली, आणि लायकाचे गणित ५१.६ चे, पस्तीसच्या भिंगात हा भेद दिसत नाही, ८५ च्या ज्युपिटरमध्ये उघड्या छिद्रावर, जवळच्या चेहऱ्यावर तो हमखास दिसतो. ज्या घराण्याचे भिंग त्याच घराण्याचा कॅमेरा, हा नियम येथे पाळावा.

नव्वदच्या भिंगाची खरी परीक्षा आमच्या भागात आषाढवारीत होते. तुकोबांची पालखी बारामती सोडून पुढे निघाली की काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते, धनगरांचे कळप पालखीभोवती फेर धरतात. आणि कळंबपासून जवळच असलेल्या बेलवडीच्या मैदानावर सोहळ्याचे पहिले गोल रिंगण लागते. पताकाधारी धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या बायका धावतात, विणेकरी धावतात, आणि शेवटी स्वाराचा अश्व व त्यामागून देवाचा मोकळा अश्व. हा घोडा फोकसच्या आटोक्यात राहण्याइतका मंद कधीच नसतो. त्याच्या मागे कडे फिरवीत बसणारा हमखास चुकतो. रिंगणाच्या कडेला जागा धरावी, समोरच्या पताकाधाऱ्यांच्या रांगेत सुमारे दहा मीटरांवरचा एक पताकेचा उभा दांडा हेरावा, त्याच्या दोन प्रतिमा एक कराव्यात आणि कडे तसेच ठेवून थांबावे. दहा मीटरांवर नव्वदची चौकट चार मीटर रुंद असते, घोडा आणि स्वार तीत नेमके बसतात, आणि घोडा त्या दांड्यासमोर आला की झडप सोडायची.

दांडाच का, तर कॅमेऱ्यातला पाया आडवा असतो, त्यामुळे दोन प्रतिमा आडव्या दिशेने सरकतात, आणि त्या जुळल्या की नाही हे उभ्या कडेवरच कळते. आडव्या रेघेवर, उदाहरणार्थ पागोट्याच्या पट्ट्यावर, त्या चुकीच्या असूनही जुळल्यासारख्या वाटतात. उसाच्या फडावर फोकस धरण्याचा मोह मात्र टाळावा. तेथे सारखी दिसणारी शेकडो उभी कांडी असतात आणि एका कांडीची प्रतिमा शेजारच्या कांडीवर बसून डोळ्याची फसगत होते. रिंगणात पताका दाट असतील तर तीच गत होते, म्हणून एकटा, किंचित वेगळ्या रंगाचा दांडा हेरावा. चेहऱ्याच्या बाबतीत कॅमेऱ्याकडच्या डोळ्यातली चमक सर्वांत विश्वासू; वारकऱ्याचा चश्मा असेल तर त्याची उभी कडा, नसेल तर बुक्क्याच्या टिळ्याची कड. आणि कडे नेहमी लांबून जवळ, एकाच दिशेने फिरवावे, म्हणजे जुन्या आट्यांमधला सैलपणा प्रत्येक वेळी एकाच बाजूला राहतो.

आषाढातल्या ढगाळ उजेडात शंभर वेगाच्या फिल्मवर चारचे छिद्र आणि सेकंदाचा अडीचशेवा भाग हा हिशेब बरोबर बसतो, म्हणून साधे एल्मार या कामाला पुरते असे मी वर म्हटले. दोनच्या छिद्राची भारी भिंगे जड, महाग आणि पायावर अवाजवी भार टाकणारी; १९५७ नंतर लाइट्सनेही तसे नव्वदचे सुमिक्रॉन काढले आणि ते उत्तम आहे यात शंका नाही, परंतु चालत चालत वारी गाठणाऱ्याला त्याच्या ओझ्याचा उपयोग क्वचितच होतो. ज्याला मंद दिव्याच्या उजेडात कीर्तनकाराचा चेहरा टिपायचा आहे, त्यानेच ते घ्यावे.

१९५९ साली निप्पॉन कोगाकूने निकॉन एफ हा आरशाचा कॅमेरा आणला, आणि भिंगातूनच फोकस पाहता येऊ लागल्यावर पायाचा आणि पल्ल्याचा प्रश्नच उरला नाही. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार दहा वर्षांच्या आत तिकडे वळले. लाइट्सने १९६४ मध्ये टेली-एल्मारिट या खऱ्या टेलीफोटो रचनेने नव्वदची नळी आखूड करून दाखविली, पण पर्व तोवर संपले होते. १९३२ ते १९५९ अशी सत्तावीस वर्षे या एका भिंगाने माणसाच्या चेहऱ्याची जी सेवा केली, तिला तोड नाही, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

बारामती-इंदापूर भागात ज्यांच्या कपाटात असा एखादा रेंजफाइंडर आजही पडून असेल, त्यांना एवढीच विनंती आहे की तो शोभेची वस्तू म्हणून विकून टाकू नये. मोकळ्या माळावर उभे राहून एक-दोन मैलांवरचे कारखान्याचे धुराडे गवाक्षात धरावे आणि भिंग अनंत अंतराच्या खुणेवर न्यावे. धुराड्याच्या दोन कडा तेथे एक झाल्या तर पाया शाबूत आहे, आणि झाल्या नाहीत तर जाणत्या कारागिराकडून एका बारीक स्क्रूच्या फेऱ्याने तो दुरुस्त होतो. फिल्म अजून मिळते. बेलवडीचे रिंगण दर आषाढवारीत होते.